घर क्रमांक ४७ : कार्ड, चूल आणि छप्पर

वादळानंतरच्या मदतकेंद्राच्या रजिस्टरात १० जून २०२० च्या पानावर माझ्याच अक्षरात एक ओळ आहे : 'घर क्र. ४७. मधला भाग बंद, मालक मुंबईस. ताडपत्री देय नाही.' ओळ शिसपेन्सिलीची आहे. तिच्यावर नंतर मारलेली लाल रेघ पेनची आहे. ही ओळ मी का लिहिली आणि दोनच दिवसांत मला ती का खोडावी लागली, तेवढंच या प्रकरणात आहे.

मी माणगावात एका पतसंस्थेत हिशेब लिहिते, वीस वर्षं होत आली. मदतकार्याचा अनुभव म्हणाल तर शून्य. ३ जूनच्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि खाडीपलीकडे मंडणगड, दापोली या पट्ट्यात आजे-पणज्यांनी लावलेल्या वाड्या दोन-तीन तासांत आडव्या झाल्या. रोठा सुपारीच्या पोफळी कमरेत मोडल्या आणि त्यांचे शेंडे घरांच्या कौलांवर येऊन पडले. विजेचे खांब झोपले, मोबाइलचे मनोरे मुके झाले. त्यात करोनाची टाळेबंदी. जिल्ह्याबाहेरून गाडी आणायची तर पास लागत होता.

श्रीवर्धन तालुक्यातल्या एका किनाऱ्यालगतच्या गावात ओळखीतल्या तरुण मंडळींनी मदतकेंद्र उघडलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. यातली माणसं अजूनही रोज एकमेकांच्या खळ्यातून जा-ये करतात. पोरं उत्साही होती. झाडं कापत होती, रस्ते मोकळे करत होती, ट्रक रिकामे करत होती. पण आलं किती, गेलं किती, कोणाला गेलं हे कुणालाच सांगता येईना. एका देणगीदाराने हिशेब मागितला आणि मग माझी आठवण झाली. ७ तारखेला साई-मोर्बा मार्गे म्हशीसारख्या चालणाऱ्या टेम्पोतून मी तिथे पोचले.

शाळा मिळाली नाही. मे महिन्यात मुंबईहून आलेले चाकरमानी तिथे विलगीकरणात होते, शिवाय शाळेचेच अर्धे पत्रे उडालेले. म्हणून देवळाचा सभामंडप हे ऑफिस आणि बंद असलेली भातगिरण हे गोदाम. जनरेटर संध्याकाळी दोन तास चाले, त्यात आधी मोबाइल चार्ज व्हायचे. संगणक, प्रिंटर यांचं नाव काढायचं नाही. दोन फुलस्केप रजिस्टरं, तीन पावतीपुस्तकं, कार्बन, एक स्टॅम्पपॅड. एवढ्यावर कारभार सुरू.

पहिल्या दिवशी मी पतसंस्थेतला एक नियम तिथे लावला. गोदामाची किल्ली ज्याच्याकडे, त्याने लिहायचं नाही. जो लिहितो, त्याने माल द्यायचा नाही. पोरांना तो अविश्वास वाटला. एकजण तोंडावर म्हणालासुद्धा, "ताई, इथे कोण चोरतंय?" चोरीसाठी नसतोच तो नियम. संध्याकाळी थकलेल्या माणसाला आपण दिलं होतं की द्यायचं ठरवलं होतं हे आठवत नाही, त्यासाठी असतो. दोन वेगळ्या माणसांच्या दोन वेगळ्या वह्या जुळल्या तरच दिवस मिटवायचा.

दुसरी गोष्ट कागदाची. पावसाळी हवेत रजिस्टरची पानं दमट होतात आणि बॉलपेन नुसतं घसरतं. जेल पेनची शाई पसरते. शिसपेन्सिल मात्र ओलसर कागदावरही उठते. म्हणून दिवसा सगळ्या नोंदी पेन्सिलीने आणि रात्री जनरेटरच्या उजेडात, कागद दिव्याजवळ धरून थोडा सुकवून, त्याच नोंदी पेनाने पक्क्या करायच्या. कंटाळवाणं काम, पण त्याचा एक फायदा मागाहून लक्षात आला : रोजची प्रत्येक ओळ माझ्या नजरेखालून दोनदा जात होती.

अंगठ्याचा प्रश्न करोनाने उभा केला. एकाच स्टॅम्पपॅडवर शंभर अंगठे उमटवायचे कसे? पायरीवर साबण आणि कळशी ठेवली. अंगठ्याआधी हात, अंगठ्यानंतर हात. सही करणाऱ्याने पेन घरून आणायचं. आजी लोक नातवाचं रंगीत स्केचपेन घेऊन येत. म्हणून आमच्या जावक रजिस्टरमध्ये गुलाबी आणि पोपटी सह्या आहेत.

पहिली यादी

आता माझी चूक. ८ तारखेला धान्याचे संच वाटायचे होते : तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, मेणबत्त्या, काडेपेट्या. यादी कशावरून करायची? मला सर्वांत सोपं आणि तपासता येण्याजोगं वाटलं ते रेशनकार्ड. नंबर असतो, कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, दोनदा घेतलं तर पकडता येतं. गावात ११८ कार्डं निघाली. ११८ संच बांधले, दुपारपर्यंत वाटले, वही जुळली. मी खूश.

संध्याकाळी सभामंडपाच्या पायरीवर बायका येऊन बसल्या. भांडायला नाही, नुसत्या बसल्या. त्यातल्या एक काकी शेवटी म्हणाल्या, "ताई, कार्ड एक आहे, चुली तीन आहेत. डाळ काय कार्डावर शिजते?"

कोकणातल्या घरात हे सर्रास असतं. भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, पण कार्ड बापाच्या नावाचं तसंच चालू राहतं. फोड करून घ्यायला तालुक्याला खेपा घालायच्या, कागद जमवायचे, कशाला? आणि घरातल्या पुरुषाला विचाराल तर तो अब्रूला जपून सांगतो, "आम्ही एकत्रच आहोत." वेगळी चूल ही बाईला माहीत असते, कारण तिनेच ती मांडलेली असते.

मग यादी करायचं काम मी बचत गटाच्या बायकांकडे दिलं. या प्रकरणात मी बरोबर केलेलं पहिलं काम तेच. त्यांनी कोणाचं कार्ड मागितलं नाही. सकाळी कोणाच्या घरातून किती ठिकाणी धूर निघतो हे त्यांना तोंडपाठ होतं. १४३ चुली निघाल्या. आमच्या यादीपेक्षा २५ जास्त. त्यांत वेगळ्या झालेल्या सुना होत्या, भाचीकडे राहणारी एक विधवा होती, होडीवरचे दोन खलाशी होते आणि डोंगराच्या पायथ्याच्या कातकऱ्यांच्या अकरा झोपड्या होत्या.

कातकऱ्यांबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. वर्षातले सहा-सात महिने ही माणसं वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला बाहेर असतात. कार्ड असलंच तर दुसऱ्या गावचं. झोपड्यांना घरपट्टी नाही, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यात त्या नाहीत. वादळात त्या अकराच्या अकरा उडाल्या. कुडाच्या भिंती शेतात सापडल्या. आणि पहिल्या दिवशीच्या माझ्या जुळलेल्या, स्वच्छ वहीत त्यांच्यापैकी कोणीही नव्हतं. वही जुळते याचा अर्थ जितकं लिहिलं तितकं जुळलं, एवढाच असतो. वीस वर्षं ताळे जमवूनही हे मला नीट कळलेलं नव्हतं.

मधला भाग

९ तारखेला साठ ताडपत्र्या आल्या. जगभरच्या मदतकार्यात कुटुंबाला द्यायच्या ताडपत्रीचं एक नेहमीचं माप ४ बाय ६ मीटर असतं. आमच्याही त्याच मापाच्या होत्या. साठ ताडपत्र्या आणि १४३ चुली. काहीतरी नियम करणं भाग होतं. मी केला : राहती घरं आधी, बंद घरांना नाही. ऐकायला रास्त. डोक्यावर छप्पर नसलेला माणूस पावसात असताना मुंबईकरांच्या कुलपाला ताडपत्री कोण घालेल? गावातही कोणी हरकत घेतली नाही. त्या नियमाने मी १० तारखेची यादी केली आणि तिच्यात ती ओळ लिहिली.

११ च्या रात्री पाऊस झोडपून पडला. मोसमी पाऊस दारात येऊन ठेपलेलाच होता. १२ ला सकाळी घर क्रमांक ४७ मधल्या थोरल्या वहिनी आल्या. तक्रार केली नाही. माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "ताई, या. बघा नि मग लिहा."

बासष्ट फूट लांबीचं घर. बापाने बांधलेलं, जांभ्याच्या चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं. पुढे सलग पडवी, मागे सलग पडवी, मध्ये तीन भावांचे तीन भाग. डावीकडे थोरले, उजवीकडे धाकटे, आणि मधल्या भागाला कुलूप. मधले नालासोपाऱ्याला राहतात, टाळेबंदीत अडकलेले. वादळात परसातला माड नेमका मधल्या भागावर पडला होता. पोरांनी माड कापून काढला, पण आढ्यापासून पडवीपर्यंत दोन्ही पाखी, म्हणजे छपराचे दोन्ही उतार, उघडी. आम्ही थोरल्यांच्या भागावर एक आणि धाकट्यांच्या भागावर एक अशा दोन ताडपत्र्या दिल्या होत्या. मध्ये वीस फुटांचं आभाळ.

वहिनींनी मला माजघरात नेलं आणि वर बोट दाखवलं. जुन्या घरांत आतली भिंत छपरापर्यंत जात नाही. माणसाच्या उंचीहून चार-पाच फूट वर जाऊन थांबते. तिच्यावर तुळई, आणि तुळईवरून वासे या भागातून त्या भागात सरळ गेलेले. मधल्या भागात पडलेलं पाणी वाशावरून, तुळईवरून वाहत दोन्हीकडच्या माजघरांत उतरत होतं. भिंतीवर चॉकलेटी ओघळ. खाली भाताची कणगी, तिच्यावर पोतं, पोत्यावर परात, परातीत टपटप. मी तिथे असताना वहिनींनी ती परात दोनदा उपसली.

"आमच्या डोक्यावर ताडपत्री आहे हो," त्या म्हणाल्या, "पण पाणी त्यांच्याकडून येतं."

मी चुलीची यादी छपराला लावली होती. धान्य चुलीप्रमाणे, हे बरोबर. पण छप्पर ना चुलीचं ऐकतं, ना कार्डाचं, ना कुलपाचं. ते भिंतीपाशी थांबत नाही. त्या दुपारी मी तिसरी यादी सुरू केली. तिच्यात माणसाचं नाव हा पहिला रकानाच नव्हता. पहिला रकाना : छपराची लांबी. दुसरा : पाख्याचा उतार, आढ्यापासून वळचणीपर्यंत. तिसरा : किती उघडं. चौथा : खाली किती माणसं झोपतात. नावं सगळ्यांत शेवटी, असतील तितकी.

मापं घ्यायला गावातले एक वयस्क सुतार बरोबर आले. त्यांनी टेप आणला नव्हता. खालून वासे मोजायचे, दोन वाशांमधलं अंतर वितीने घ्यायचं आणि लांबी सांगायची. मी दोन घरांवर टेप लावून पडताळलं. फरक अर्ध्या फुटाच्या आत. तिसऱ्या घरापासून टेप पिशवीत गेला. दोन दिवसांत ९७ छपरं झाली. ११८ कार्डं, १४३ चुली, ९७ छपरं, गाव एकच. कातकऱ्यांच्या झोपड्यांपुढे 'किती उघडं' या रकान्यात मी 'सर्व' लिहिलं.

पावती कोणाच्या नावावर?

घर ४७ च्या मधल्या भागावर दोन ताडपत्र्या घालायच्या ठरल्या. इथवर सरळ होतं. अडलं ते पावतीवर.

थोरल्यांनी सही करायची तयारी दाखवली. धाकटे लगेच म्हणाले, "दादाने एकट्याने का?" मग कळलं की वाटणी तोंडी आहे, कागद नाही, नमुना ८ अजून वारलेल्या वडिलांच्याच नावावर आहे, आणि दोन वर्षांपूर्वी मधल्यांच्या पडवीत लाकडं रचल्यावरून बोलाचाली झालेली. कोकणात घराचा वाद कशावरूनही पेटतो, आणि सही असलेला कुठलाही कागद पुढे कोणाच्या तरी फायलीत निघतो. हे मला पतसंस्थेत कर्जप्रकरणं हाताळून माहीत होतं. उद्या 'मधल्या भागाचं छप्पर मी झाकलं, ही पावती' असं कोणी म्हटलं तर?

मधल्यांना विचारल्याशिवाय चढायचं नाही, असं मी ठरवलं. यात अर्धा दिवस जाणार होता आणि ढग भरलेले होते. पोरं वैतागली. अजूनही मला वाटतं की तो अर्धा दिवस घालवणं बरोबर होतं, पण त्या रात्री पुन्हा पाऊस पडला असता तर मी हे इतक्या ठामपणे लिहिलं नसतं.

नेटवर्क फक्त गावामागच्या टेकडीवर, एका आंब्याखाली यायचं. सगळं गाव तिथे रांगेत उभं राहून मुंबईला फोन लावायचं. थोरले आणि मी चढून गेलो. फोन लागला. मधल्यांचा पहिला शब्द : "माझ्या भागावर कोणी चढायचं नाही." मग थोरल्यांनी फोन माझ्याकडे दिला. मी माझं काम सांगितलं आणि पावतीवर काय लिहिणार ते वाचून दाखवलं :

'घर क्र. ४७ चे सलग छपरासाठी ताडपत्री नग २. सदर पावती मालकी, वाटणी अथवा वहिवाट यांचा पुरावा नाही. छप्पर उघडे असल्याचे फोटो जोडले.'

पलीकडे बराच वेळ नुसता रस्त्याचा आवाज. मग म्हणाले, "आमच्या देवघराची कौलं आहेत का?" थोरल्यांनी फोन परत घेतला आणि सांगितलं, "देवघरावरची आहेत रे. देव मी माझ्याकडे आणलेत." त्यानंतर माझं काही काम उरलं नाही. मी दहा पावलं लांब जाऊन उभी राहिले.

पावतीवर दोन्ही भावांच्या सह्या झाल्या. मधल्यांच्या जागी मी लिहिलं, 'दूरध्वनीवरून संमती, दि. १३/६, वेळ दु. ४.१०'. पुढे तेच वाक्य आम्ही रबरी शिक्क्यासारखं वापरलं. गावात असली आणखी तेरा छपरं निघाली.

पत्रे आले, हुक नाहीत

ताडपत्री म्हणजे चार दिवसांची सोय. कौलं मिळत नव्हती, पत्र्यांचे भाव चढले होते. १४ तारखेला एका देणगीदाराकडून पत्र्यांचा ट्रक आला. चलनावर एकच ओळ : 'पत्रे, ४०० नग.' मी उतरवून घेताना लांबीप्रमाणे वेगळे रचायला लावले. आठ फुटी २१२, दहा फुटी १२०, बारा फुटी ६८. नुसतं 'पत्रा द्या' म्हणून वाटले असते तर बारा फुटी पत्रा आठ फुटांच्या पाख्यावर गेला असता आणि कोणीतरी तो कापून उरलेला तुकडा कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला असता. उताराचा रकाना इथे कामी आला. कुठल्या छपराला कुठल्या लांबीचे किती, हे एका संध्याकाळी कागदावरच लागलं.

आणि मग सुतारकाकांनी विचारलं, "हुक कुठायत?"

पत्रा वाशाला धरून ठेवायला वाकडा हुक, नट आणि डांबरी वायसर लागतं. पत्र्यामागे सहा-सात तरी. म्हणजे अडीच-तीन हजार हुक. चलनावर नव्हते कारण मागणीपत्रात नव्हते, आणि मागणीपत्र मीच लिहिलं होतं. 'पत्रे ४००'. घरात बसून मागणी लिहिणाऱ्याला पत्रा दिसतो, हुक दिसत नाही. तालुक्यातल्या हार्डवेअरच्या दुकानांत एकही शिल्लक नव्हता. चारशे पत्रे दोन दिवस गिरणीत पडून राहिले आणि बाहेर पाऊस. त्या दोन दिवसांत लोक मला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. बहुतेक खरं होतं.

१६ ला रिकाम्या परतणाऱ्या एका टेम्पोवाल्याने महाडहून हुक आणले. वायसर अर्धेच मिळाले. उरलेले सुतारकाकांनी सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून केले; पोरांनी संध्याकाळभर सभामंडपात बसून कात्रीने चौकोन पाडले. वीज नसल्याने ड्रिल नाही, तेव्हा खिळा आणि हातोडी. भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगट भागात नाही, नाहीतर पाणी तिथेच साचून आत शिरतं. हे काकांनी इतक्या वेळा ओरडून सांगितलं की शेवटी मी ते पावतीच्या मागे छापील अक्षरात लिहून द्यायला लागले.

त्यानंतरच्या प्रत्येक मागणीपत्राला मी एक सवय लावली. वस्तू लिहिली की खाली ओळ सोडून लिहायचं : 'ही वापरायला आणखी काय लागतं?' ताडपत्री, तर दोरी. कंदील, तर रॉकेल आणि वात. तांदूळ, तर भिजलेल्या घरात सुकं सरपण.

सरकारी रकाने

याच दिवसांत तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनामे करत फिरत होते. लोकांना भीती, की पंचनाम्याआधी छप्पर झाकलं तर नुकसान दिसणार नाही आणि मदत बुडेल. म्हणून काही घरं ताडपत्री हातात असूनही उघडी राहिली. तलाठीभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "फोटो काढा आणि झाका. मी माझ्या डोळ्यांनी पोफळी पडलेल्या बघतोय, मला काय फसवणार?" मग पोरांनी पाटीवर खडूने घर क्रमांक आणि तारीख लिहून, ती पाटी दारात धरून फोटो काढले. मोबाइल मोटारसायकलच्या बॅटरीवर चार्ज केले.

सरकारी मदतीतही सगळा खेळ कशाला एकक धरायचं याचाच होता. पूर्ण पडलेल्या घराला निकषाप्रमाणे ९५,१०० रुपये मिळत, ते या वादळासाठी दीड लाख केले. अंशतः पडझडीला किमान १५ टक्के नुकसान लागतं. आता बासष्ट फुटी घराचा मधला भाग गेला तर टक्केवारी कशाची काढायची, तिन्ही भाग मिळून की एका भागाची? आमच्या मापांची प्रत तलाठीभाऊंनी मागून घेतली. बागायतीचं त्याहून अवघड. फळबागांचा दर हेक्टरी १८,००० होता, तो ५०,००० केला. आकडा मोठा वाटतो. पण हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. या पट्ट्यात वाडी दोन-पाच गुंठ्यांची, आणि सातबारावर आठ-दहा नावं. पाच गुंठ्यांच्या वाडीला नव्या दराने अडीच हजार रुपये. पडलेले माड नि पोफळी उचलायची मजुरीही त्यात सुटत नाही. पुढे नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला ५० रुपये असा हिशेब ठरला. दर कमी की पुरेसा यावर वाद घालता येईल, पण निदान मोजणी जमिनीवरून झाडावर आली. पोफळ उभी राहून फळ धरायला पाच-सहा वर्षं सहज जातात, हे मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही.

संमतिपत्रांसाठी तीच टेकडी, तोच आंबा. सातबारावरच्या मुंबईतल्या नावांची संमती आणायची तर कागद जायला टपाल नाही. मी चार-पाच मजकूर तयार करून दिले, लोक ते फोनवर वाचून दाखवत आणि पलीकडून व्हॉट्सॲपवर सहीचा फोटो येई. तो कुठे चालला, कुठे नाही. हे काम आमच्या केंद्राचं नव्हतंच, पण लिहिणारी बाई बसलेली दिसली की लोक येत.

माझा बंद घरांचा नियम मी पूर्ण मागे घेतला नाही. सलग छपरातल्या बंद भागांना दिलं. एकट्या उभ्या असलेल्या नऊ बंद घरांना शेवटी ठेवलं. त्यांतल्या चारांना उरलेल्या ताडपत्र्या गेल्या, पाचांना काही नाही. त्या पाचांपैकी एकाची मागची मातीची भिंत जुलैत बसली. मालकांनी गणपतीत येऊन विचारलं तेव्हा मी त्यांना यादी दाखवली. त्यांनी ती नीट वाचली आणि परत दिली.

ताळा

केंद्र बंद करताना पत्र्यांचा ताळा घेतला. आवक ४००. जावक ३८६. गिरणीत शिल्लक शून्य. चौदा पत्रे कमी, सगळे दहा फुटी.

किल्लीवाल्या पोराने शपथा घेतल्या. वहीत खाडाखोड नव्हती. मी रात्री सगळ्या पावत्या पुन्हा लावल्या, फरक तोच. दुसऱ्या दिवशी सुतारकाका स्वतःहून आले, पायरीवर बसले, टोपी काढली. २० जूनच्या रात्री गावात एक म्हातारे वारले होते. स्मशानातल्या शेडचे पत्रे वादळात गेलेले, आणि पाऊस असा की चिता पेटेना. काका आणि चौघे पोरं मध्यरात्री किल्ली मागून चौदा पत्रे घेऊन गेले. बॅटरीच्या उजेडात ठोकले. सकाळी लिहायचं राहिलं. मग कोणी काही विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

"कोणाच्या नावावर लिहायचं, ते सुचेना," काका म्हणाले.

हिशेब तपासायला देणगीदारांचे एक लेखापरीक्षक सप्टेंबरात आले. शहाणे गृहस्थ होते, घाईत नव्हते. गुलाबी सह्यांना हसले. शेवटच्या पानावर येऊन बोट ठेवलं : चौदा नग, 'स्मशानशेड', लाभार्थीचा रकाना मोकळा. त्यांनी विचारलं, "सही कोणाची घ्यायची?" मी सरपंचांना बोलावलं. त्यांनी पेन खिशातून काढलं, खाली 'ग्रामपंचायतीकरिता' असं लिहिलं आणि सही केली.